हिरवळीवर बसू नये

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

काल चहाच्या वेळी एकीने मला विचारलं, "अगं, शिबिर हिंसाचारावर आहे, आणि तू लॉनवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी काही शेतीतज्ज्ञ नाही. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली नऊ वर्षं एका निवारागृहात काम करते. घरातून बाहेर काढलेल्या किंवा मार असह्य होऊन स्वतःच बाहेर पडलेल्या बाया आमच्याकडे येतात. मला आज जे सांगायचं आहे, ते आमच्या इमारतीपुढच्या दोन गुंठे जमिनीबद्दल आहे. आणि त्यात माझी एक चूक आहे, ती आधी कबूल करायची आहे.

आमची इमारत एका देणगीदारांच्या मदतीने उभी राहिली. पुढे लॉन, कडेने क्रोटन, मधोमध कोनशिला. लॉन फार सुंदर होतं, पाहुणे आले की त्याचंच कौतुक व्हायचं. त्याच्या कडेला एक पाटी होती : 'हिरवळीवर बसू नये.' चौतीस बाया आणि मुलं आत राहायची, संध्याकाळी दाराच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसायची आणि समोर रिकामी हिरवळ. मी रोज त्या पाटीजवळून जात होते. मला कधी काही खटकलं नाही, हे मुद्दाम सांगते.

२०२२चा जुलै महिना. पाऊस सुरू झाला आणि लॉनमध्ये तण उठलं. माळीकाकांनी तणनाशक मागवलं, बिल माझ्यापुढे आलं, मी सही केली. सोमवारी फवारणी झाली. मंगळवारी सकाळी मराठवाड्यातून आलेल्या आमच्या एका मावशींनी लॉनच्या कडेची घोळ खुडली. टोपलीभर निघाली. मुगाची डाळ घालून भाजी केली. तीन बायांनी आणि एका सहा वर्षांच्या मुलीने ती खाल्ली. संध्याकाळी मुलीला आणि एका बाईला उलट्या सुरू झाल्या.

आम्ही रिक्षा करून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कोणतं फवारलं होतं?" मला सांगता येईना. रात्री परत येऊन बिलांची फाइल काढली. बिलावर लिहिलं होतं 'टू-फोर-डी' आणि खाली मंजुरीची सही माझी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बऱ्या होऊन आल्या. उलट्या त्या भाजीनेच झाल्या की आणखी कशाने, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. पण फवारलेला पाला लगेच वाळत नाही, दुसऱ्या दिवशी तो ताजाच दिसतो, आणि फवारणी झाली आहे हे आम्ही चौतीस जणींपैकी एकीलाही सांगितलं नव्हतं, एवढं मात्र पक्कं होतं.

आठवड्याने बैठक झाली. ठराव झाला की नवी पाटी लावावी : 'आवारातील झाडपाला खाऊ नये.' ती पाटीही मीच लिहून आणली. लावताना मावशी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, इख तुमी टाकलं, अन् पाटी आमाला व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. ती पाटी मी लावली नाही.

त्या रात्री मी मावशींचा दाखल होतानाचा अर्ज काढून पाहिला. आपल्या सगळ्यांकडे असे अर्ज असतात. नाव, वय, शिक्षण, मुलं, हिंसाचाराचा प्रकार. त्यात एक रकाना असतो : 'कौशल्ये.' माझ्या अक्षरात तिथे लिहिलं होतं, 'काही नाही.'

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली आणि मावशींना म्हटलं, चला, या लॉनमध्ये काय काय उगवलंय ते मला सांगा. एका तासात त्यांनी तेवीस वनस्पती दाखवल्या. घोळ आणि तिची धाकटी बहीण चिघळ. तांदुळजा, काटेमाठ, केना, कुर्डू, टाकळा. पाथरी, जी बाळंतिणीला देतात. पुनर्नवा, तिला त्या घेटुळी म्हणत. नळाजवळच्या ओलीत ब्राह्मी. चटणीची आंबुशी. खुरपं लागलं तर रक्त थांबवायला चोळून लावतात तो दगडीपाला. आणि हरळी. ही हरळी म्हणजेच दूर्वा. गणपतीत आपण तिच्या जुड्या विकत आणतो आणि लॉनमध्ये आली की तण म्हणून उपटतो. प्रत्येकीचं नाव, कोणत्या महिन्यात कोवळी असते, काय घालून शिजवायची, कोणी खाऊ नये, हे सगळं त्यांना तोंडपाठ. हे कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाल्या, "खुरपायला जाऊन. मालकाचं रान निघतंय, अन् आपल्या कालवणाची बी सोय व्हती."

मैत्रिणींनो, या एका वाक्यात मोठं अर्थशास्त्र आहे. निंदणी-खुरपणी हे आपल्याकडे बायकांचं काम. दिवसभर वाकून वा उकिडवं बसून करायचं, कमी मजुरीचं. पण त्या कामात निघालेलं तण ओच्यात येतं. त्यातलं काही माणसांना, काही शेळीला. भूमिहीन बाईच्या घरात हिरवी भाजी येण्याचा तो एक मार्ग होता. तणनाशक आलं आणि दोन गोष्टी एकदम गेल्या : खुरपणीचे दिवस आणि ओच्यातली भाजी. वाकून कंबर मोडणारं काम गेलं याचं मला दुःख नाही, ते गौरवायचंही कारण नाही. पण त्याच्या बदल्यात त्या बाईला काय मिळालं, हे कोणी विचारलं का? फवारणीच्या विषाचं म्हणाल, तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते औषध वेगळं, पीक वेगळं. पण प्रश्न तोच : विष कोणी निवडलं, ते कोणाच्या अंगावर पडलं, आणि त्याला कोणी काही सांगितलं होतं का?

आता थोडं लॉनच्या इतिहासाबद्दल. मी हे नंतर वाचून काढलं. ज्या जमिनीवर काहीच पिकवायचं नाही, गुरंही चारायची नाहीत, नुसती कापून हिरवी ठेवायची, ही युरोपातल्या बड्या जमीनदारांची मिरवण्याची रीत. आमच्याकडे इतकी जमीन आहे की पिकवण्याची गरज नाही, असं सांगणारी. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग याने गवत कापायचं यंत्र काढलं आणि मग मध्यमवर्गालाही ते परवडू लागलं. आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यातून ते जिमखान्यात, विश्रामगृहात आणि तिथून आपल्यासारख्या संस्थांच्या दारात आलं.

गंमत म्हणजे तिकडच्या जुन्या लॉनमध्ये नुसतं गवत नसायचं. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये गवताच्या बियाण्यात पांढरी क्लोव्हर मिसळून विकली जायची. क्लोव्हर म्हणजे तीन-तीन पानांची, आपल्या बरसीमच्या गोतातली वनस्पती. तिच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात, म्हणजे खत विकत आणावं लागत नाही. मधमाश्या येतात. कमी पाण्यात हिरवी राहते. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टू-फोर-डी हे रसायन निघालं आणि १९४०च्या दशकाच्या मध्यावर ते बाजारात आलं. ते गवताला मारत नाही, रुंद पानांच्या वनस्पतींना मारतं. आता क्लोव्हरही रुंद पानांची. ती मरणार. औषधात हा दोष होता. पण दोष औषधाला लावला गेला नाही. क्लोव्हरलाच तण ठरवलं गेलं! काल जी बियाण्याच्या पिशवीत होती, ती आज शत्रू झाली. आणि तिने फुकट दिलेला नत्र आता पोत्यातून विकत आणायचा. आज, इतक्या वर्षांनी, तिकडचे लोक पुन्हा लॉन काढून क्लोव्हर आणि उपयोगी रानझाडं लावू लागले आहेत.

ही गोष्ट वाचताना मला राहून राहून वाटलं की ही आपल्या ओळखीची आहे. जे औषधाला सोसत नाही ते तण. जी घराच्या चौकटीला सोसत नाही ती बाई वाया गेलेली. आणि आमच्या फाइलमधलं औषधही तेच होतं, टू-फोर-डी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या पदार्थांच्या गटात टाकलं आहे.

असो. आम्ही काय केलं ते सांगते.

पहिल्यांदा हिशेब केला. हिशेब बायांनीच केला. पाइपखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवलं, ते दहा मिनिटांत भरलं. उन्हाळ्यात लॉनला रोज पाऊण तास पाइप चालायचा. म्हणजे रोज नऊशे लिटर. वीस लिटरची बादली धरली तर पंचेचाळीस बादल्या. चौतीस माणसांना आंघोळीला एकेक बादली देऊन अकरा उरतील इतकं पाणी! आणि एप्रिल-मे महिन्यात आम्ही टँकर मागवत होतो, बायांना कपडे दिवसाआड धुवायला सांगत होतो. हा आकडा मी विश्वस्तांच्या बैठकीत मांडला. तिथे मी भावनेचं काही बोलले नाही. नुसता आकडा फळ्यावर लिहिला.

आक्षेप आले. पहिला : साप-विंचू येतील. दुसरा : बकाल दिसेल, पाहुणे काय म्हणतील? तिसरा, सगळ्यात अवघड : लॉन देणगीदारांच्या आईच्या स्मरणार्थ आहे, त्यांना काय सांगायचं? आम्ही देणगीदारांनाच भेटलो. ते गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "आई कोकणातली. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची भाजी झाल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही." त्यांनी होकार दिला. सगळे आक्षेप असे सुटत नाहीत, हे मलाही माहीत आहे. एका विश्वस्तांनी अजून नव्या जागेकडे धड पाहिलेलं नाही.

२०२३च्या उन्हाळ्यात लॉनचं पाणी तोडलं. गवताचे गड्डे कुदळीने काढले, उलटे करून तिथेच टाकले, त्यावर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत. जून महिन्यात पाऊस पडला आणि आठ-दहा दिवसांत रान उगवलं. काही पेरावं लागलं नाही, बी मातीतच होतं. पण तो पावसाळाभर आम्ही तिथलं एक पानही खाल्लं नाही. मावशीच म्हणाल्या, एवढं इख पिऊन बसलेली माती आहे, एक पावसाळा धुऊन निघू द्या. पुढच्या वर्षापासून खुडायला लागलो.

आता त्या दोन गुंठ्यांत काय आहे? एका बाजूला भाज्यांचे वाफे : घोळ, तांदुळजा, कुर्डू, पाथरी, टाकळा. नळाजवळ ब्राह्मी. कुंपणाला गवती चहा, अडुळसा, शेवगा. आंघोळीचं पाणी जातं तिथे केळी आणि कर्दळ. आणि मधोमध बसण्यापुरती हिरवळ राखली आहे. तिकडची पांढरी क्लोव्हर थंड हवेतली, आपल्या एप्रिल-मे महिन्यात ती तग धरणं कठीण. पण आपली स्वतःची तिपानी आहेच : रानमेथी. जमिनीला चिकटून पसरते, तीन-तीन इवली पानं, तीही मुळांत नत्र धरते. ती आणि हरळी मिळून छान गालिचा झाला आहे. उन्हाळ्यात थोडा पिवळा पडतो, पडू दे. पाऊस आला की परत येतो. पाटी काढून टाकली. संध्याकाळी बाया तिथे बसतात.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर माझी पहिली चूक मी पुन्हा करीन. घोळ आणि नायटी लहानपणी सारख्या दिसू शकतात. देठ मोडला आणि पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, टाकून द्या. घोळ आणि आंबुशीत ऑक्झॅलिक आम्ल असतं, मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी रोज खाऊ नये. गटाराच्या, रस्त्याच्या कडेचं, फवारलेल्या जागेचं काही खुडू नये. गाजरगवत मात्र फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट काढावं, अंगाला खाज आणि दमा देणारं आहे ते. आणि जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय पुस्तकातलं चित्र बघून काहीही खाऊ नये. सापाचं म्हणाल, तर झाडोरा भिंतीपासून चार हात लांब ठेवला, पायवाटा मोकळ्या ठेवल्या, रात्री दिवा लावला. गेल्या दोन पावसाळ्यांत एक धामण दिसली, तीही आपल्या वाटेने गेली.

आता मला जास्त महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. हे काम करायचं कोणी? सुरुवातीला मी उत्साहाने वेळापत्रक लावलं : रोज चार बाया, एक तास. तिसऱ्या दिवशी एक तरुण मुलगी फणकारून म्हणाली, "ताई, सासरी बी हेच करत व्हते, फुकाट." तिचं बरोबर होतं. सेंद्रिय म्हटलं, पारंपरिक ज्ञान म्हटलं, की बाईचे श्रम पुन्हा गृहीत धरायला आपण मोकळ्या! वेळापत्रक रद्द केलं. लॉनवर खर्च होणारे पैसे, म्हणजे यंत्राचं पेट्रोल, खत, औषध, टँकर, यांतून आता जी काम करील तिला तासावर मजुरी मिळते. ज्यांना करायचं नाही त्या करत नाहीत. माळीकाकांची नोकरी गेली नाही, तेही शिकले. आधी रुसले होते. आता मावशींना विचारून वाफे घालतात. "बाई, ही ठेवू का काढू?" असं एक पुरुष एका बाईला रोज विचारतो, हे आमच्या मुली बघतात.

अलीकडे ऑगस्ट महिन्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. चांगली गोष्ट आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांच्या कामासाठी २०२०चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. पण ज्ञानाचा सत्कार आणि जमिनीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीसहून अधिक वर्षांपूर्वी शेतकरी महिला आघाडीने सीताशेतीची कल्पना मांडली होती : कुटुंबाच्या जमिनीतला एक तुकडा बाईच्या ताब्यात, तिच्या बियाण्याने, तिच्या निर्णयाने. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, साऱ्या देशासाठी ती २००५ साली झाली. कायदा आहे. आणि आमच्या मावशी चौदा वर्षं नवऱ्याच्या चार एकरांत राबल्या, सातबारावर त्यांचं नाव नाही. माहेरच्या जमिनीवर त्यांनी हक्कसोड करून दिली, भाऊबीज चालू राहावी म्हणून. तेवीस वनस्पती ओळखणाऱ्या या बाईच्या मालकीची, एक घोळ उगवेल एवढीही माती नाही.

मावशी आता आमच्याकडे नाहीत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्यांचा अर्ज न्यायालयात आहे, घरात राहण्याच्या हक्कासाठी. तारखा पडताहेत. त्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतात, पगारावर. मध्ये भेटायला आल्या होत्या. वाफ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "पाथरी लई दाट झाली, इरळ करा." एवढंच म्हणाल्या. बागेने कोणाचं घर परत मिळत नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं आम्हाला कोण सांगणार?

तरीही मी हे तुमच्यापुढे मांडलं, कारण आपल्या प्रत्येकीच्या संस्थेत एक लॉन असतं. कधी ते खरोखरचं गवत असतं, कधी कार्यालयातला गालिचा, कधी पाहुण्यांसाठी बंद ठेवलेली खोली. जिच्यासाठी संस्था काढली तिने तिथे बसायचं नसतं. जाताना दोन गोष्टी करा, एवढीच विनंती. एक, परत गेल्यावर आपल्या आवारातल्या पाट्या वाचा आणि प्रत्येक पाटी कोणासाठी आहे ते विचारा. आणि दुसरी, अर्जातला तो रकाना.

आम्ही आमचा बदलला आहे. 'कौशल्ये' हा शब्द काढून तिथे आता प्रश्न छापलाय : 'तुम्हाला काय काय येतं?' खाली एका ओळीऐवजी अर्धं पान कोरं सोडलं आहे. बहुतेक बाया आधी म्हणतात, "मला काय येतंय, काहीच नाही." पूर्वी मी तेच लिहून घ्यायची. आता मी पेन खाली ठेवते आणि थांबते.